दोन पिवळ्या गोळ्या आणि एक जांभळी नळी

मा. तालुका आरोग्य अधिकारी, बारामती आणि मा. तालुका आरोग्य अधिकारी, इंदापूर यांना खुले पत्र



आमच्या गावात सकाळी साडेसहाला दूध संकलन केंद्रावर रांग लागते. प्रत्येकाच्या किटलीतलं थोडं दूध बाटलीत काढून यंत्राला लावतात, फॅट आणि एसएनएफचे आकडे उमटतात, पावती हातात पडते. संध्याकाळी पुन्हा तेच. इंदापूरकडचा द्राक्ष बागायतदार खताचं वेळापत्रक ठरवण्याआधी पान-देठ परीक्षण करून घेतो. ऊस कारखान्यावर गेला की रिकव्हरी किती लागली ही चर्चा पारावर येते. तपासायचं आणि मग पुढचं ठरवायचं, ही आमच्या दोन्ही तालुक्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. पण रक्त तपासल्याशिवाय चालू ठेवूच नयेत अशी काही औषधं आमच्या घराघरांत आहेत, आणि ती न तपासता महिनोन् महिने घेतली जातात. मीही घेतली. त्याबद्दलच हे पत्र आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी एका थंडीत सकाळी खडू धरता येईनासा झाला. बोटं सुजायची, दीड-दोन तास मूठ मिटायची नाही, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. वात म्हणून तेल लावलं, शेकलं, गावातली इंजेक्शनं घेतली. शेवटी पुण्यात निदान झालं. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटलेली असते, तो हा संधिवात. त्यावर मेथोट्रेक्झेट सुरू झालं. या गोळीनं मला माझे हात परत दिले, हे आधी स्वच्छ सांगते. आज मी सुईत दोरा ओवते. हे पत्र वाचून कुणी गोळी बंद केली, तर मला फार वाईट वाटेल.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिच्या जोडीला फोलिक ॲसिड, तेही डॉक्टर सांगतील त्या दिवशी. माझ्या दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. पाकिटावरची अक्षरं इंग्रजीत आणि बारीक. ज्या बाईला लहानपणापासून 'गोळी रोज घ्यायची' एवढंच माहीत आहे, ती पिवळी गोळी रोज घेते. फोलिक ॲसिड चार दिवस जास्त गेलं तर बिघडत नाही. मेथोट्रेक्झेट रोज गेलं तर माणूस दगावू शकतो. मी वार ठरवला बुधवार. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बुधवारी गोळी घेतल्याबरोबर लाल पेनानं फुली मारते, नंतर म्हणून ठेवत नाही.

या दोन गोळ्यांचं नातं मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी ती माहिती दोनदा वाचली. आंध्रातल्या भीमावरममध्ये १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचं संशोधन बघत होते. १९४०च्या दशकात त्यांच्याच चमूनं फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं, आणि फोलिक ॲसिडला अडवणारी औषधंही तिथंच घडली. त्यांतल्या एकाचं पुढं मेथोट्रेक्झेट झालं. त्या वेळी ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. अमेरिकेत संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली ती १९८८ साली, आणि कर्करोगाच्या मानानं अगदी थोड्या मात्रेत. शरीरात नव्या पेशी घडायला फोलिक ॲसिड लागतं. मेथोट्रेक्झेट त्याची वाट अडवून बसतं, त्यामुळे उलटलेल्या पेशींचा जोर ओसरतो. पण हाडांच्या मगजात रोज नव्या रक्तपेशी तयार होत असतात, त्यांनाही तोच अडथळा होतो. यकृतावर ताण येतो. आणि औषध शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं करतात, ती मंदावली की ठरलेलीच मात्रा अंगात साचत जाते. म्हणून रक्तपेशींसाठी सीबीसी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन. सुरुवातीचे तीन महिने साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी, नंतर सगळं स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांनी, आणि ते गोळी चालू असेपर्यंत. बरं वाटतं म्हणून तपासणी थांबवता येत नाही.

मी नेमकी तिथंच चुकले.

सहाव्या वर्षी मला इतकं बरं वाटत होतं की पुण्याच्या खेपा मी कमी केल्या. आमच्याकडून पुणं सुमारे १३५ किलोमीटर. पहाटेची एसटी, स्वारगेट, तिथून रिक्षा, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी थांबायचं, रात्री परत. एक माणूस सोबत लागतो, त्याचाही रोज बुडतो. नऊ महिने मी रक्त तपासलं नाही. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलमधून गोळ्या मिळायच्या. त्या काळात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक जवळजवळ रोज चालू होतं, आणि त्याचा मूत्रपिंडावर परिणाम होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. हिवाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. जवळच्या एका दवाखान्यात गेले. 'आणखी कसली गोळी चालू आहे का?' असं त्यांनी विचारलं. 'बीपीची,' मी म्हणाले. आठवड्यातून एकदाची गोळी माझ्या तोंडातून निघालीच नाही. ती मला औषध वाटतच नव्हती, ती बुधवारची सवय झाली होती. त्यांनी को-ट्रायमोक्साझोल दिलं.

को-ट्रायमोक्साझोल हे गावोगाव चालणारं साधं, स्वस्त अँटिबायोटिक आहे. पण तेही फोलिक ॲसिडचीच वाट अडवतं, आणि मेथोट्रेक्झेट मूत्रपिंडातून बाहेर पडायला अडथळा करतं. आठव्या दिवशी माझ्या तोंडात फोड आले. भाकरी सोडाच, दुधात कुस्करलेला भात गिळवेना. दंडावर काळेनिळे डाग उठले, ताप चढला. मुलानं रात्रीच पुण्याला नेलं. पांढऱ्या पेशी १,४००. प्लेटलेट ३१,०००. क्रिएटिनिन १.९. फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, अडलेल्या वाटेला वळसा घालून पेशींपर्यंत पोचणारं ते औषध. अकरा दिवसांनी घरी आले.

घरी आल्यावर मी जुने रिपोर्ट पलंगावर तारखेनं लावून ठेवले. माझं क्रिएटिनिन पूर्वी ०.७ असायचं. नऊ महिन्यांच्या खंडाआधीच्या शेवटच्या रिपोर्टवर ते १.० होतं. छापील मर्यादेच्या आत, म्हणून त्यावर कुणी खूण केली नव्हती, आणि मीही 'सगळं नॉर्मल' म्हणून पिशवीत ठेवून दिलं होतं. पण ०.७ चं १.० म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ. ब्रिटनच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात वर्षभरात ३० टक्क्यांहून जास्त वाढ झाली की डॉक्टरांना कळवा, असं स्पष्ट आहे. त्याच यादीत पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १ लाख ४० हजारांच्या खाली, एसजीपीटी १०० च्या वर, हे आकडेही आहेत. एकेकटा रिपोर्ट पाहिला तर माझा धोका दिसत नव्हता. मागचा आकडा शेजारी असता तर पाचवीतल्या मुलालाही दिसला असता. मी पंचवीस वर्षं मुलांचे हजेरीपट भरले, आणि माझ्या स्वतःच्या रक्ताचा पट मी ठेवला नाही.

मी एकटीची गोष्ट सांगत बसले, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारी, या वाटेवरची माणसं अनेक आहेत. आमच्या शेजारच्या वाडीवर एक तरुण आहे, आईनं त्याला मूत्रपिंड दिलं. तो टॅक्रोलिमस घेतो, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. जपानमध्ये त्सुकुबा भागातल्या मातीत मिळालेल्या एका जिवाणूपासून १९८४ साली हे औषध सापडलं. ते रक्तात किती आहे हे मोजावं लागतं. कमी पडलं तर शरीर नवं मूत्रपिंड नाकारतं, जास्त झालं तर त्याच मूत्रपिंडाला इजा होते. मोजायचं कधी? सकाळची गोळी घ्यायच्या आधी, आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास होत आले की. आता त्याची सकाळ बघा. पहाटे पाचला घर सोडायचं. सकाळी आठची गोळी रुमालाच्या गाठीत. एसटी यवतजवळ अडकली, की घड्याळ बघत गोळी तशीच धरून बसायचं, कारण आधी घेतली तर आकडा खोटा वर दिसणार आणि डॉक्टर मात्रा कमी करणार. एकदा उलटी झाल्यावर घाबरून त्यानं गाडीतच गोळी घेतली, प्रयोगशाळेत सांगितलं नाही, आणि पुढचे दोन आठवडे कमी मात्रेवर काढले. पुढच्या तपासणीत ते उघड झालं, म्हणून निभावलं.

ही तपासणी इंदापुरात व्हावी, असा माझा हट्ट नाही. तिला खास यंत्रं लागतात. पण रक्त तरी इथं घेता येईल! टॅक्रोलिमससाठी लागतं ते जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त. सीबीसीला लागते तीच नळी. आत रक्त गोठू न देणारं रसायन असतं, नळी भरली की रक्त घेणाऱ्या ताई ती हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करतात. थंड ठेवलेल्या नळीतलं टॅक्रोलिमस काही दिवस टिकतं. माणसानं १३५ किलोमीटर जायचं त्याऐवजी नळी गेली, तर तो आठ वाजता घरी चहाबरोबर गोळी घेईल.

ॲझाथायोप्रिन घेणाऱ्या दोन बाया माझ्या ओळखीत आहेत, एकीला ल्युपस, दुसरीला आतड्याचा आजार. या औषधात सुरुवातीचे आठवडेच नाजूक. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच ते नीट मोडलं जात नाही. त्यामागे एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक असतो, आणि आपल्या भारतीयांत तो बऱ्यापैकी आढळतो. अशा माणसाचे केस महिनाभरात झुपक्यानं गळू लागतात आणि पाठोपाठ पांढऱ्या पेशी कोसळतात. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी झाली तर वेळेत कळतं. गाऊटची ॲलोप्युरिनॉल सोबत चालू असली तरी हाच धोका, हे मेडिकलवाल्या दादांनाही माहीत असायला हवं.

आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. वाताच्या नावाखाली पुडीतून येणारी पांढरी बारीक गोळी कित्येकदा तीच असते. चार दिवसांत माणूस चालायला लागतो, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. तीही प्रतिकारशक्ती दाबते, साखर वाढवते, हाडं पोखरते, आणि अंगात दडलेला क्षय उठवते. त्या माणसांच्या हातात चिठ्ठीसुद्धा नसते, तपासणी कुठली! आशाताईंनी गुडघेदुखीच्या प्रत्येक घरात एवढंच विचारलं की 'पुडी कुठली घेता?', तर बरंच बाहेर येईल.

आता आपल्याकडे मागणं. ते मोठं नाही, कारण बहुतेक गोष्टी आधीच आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करून नेण्याची महालॅबची व्यवस्था आहे. सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन या काही दुर्मीळ तपासण्या नाहीत. इंदापूर आणि बारामतीत शासकीय रुग्णालयं आहेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव त्याला दिलं आहे. फक्त ही सगळी माणसं आणि यंत्रं आमच्यासाठी एका दोरीत ओवलेली नाहीत. मी आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात गेले होते तेव्हा तिथल्या ताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, 'मावशी, रक्त घेऊ की, पण कशासाठी म्हणून लिहू? असा रकानाच नाही.'

तो रकाना आपण सुरू करावा. गरोदर बाईसाठी माता-बाल कार्ड आहे, तिची तपासणी चुकली की आशाताई दारात येतात. क्षयरोग्याचं नाव निक्षय पोर्टलवर असतं, त्याची थुंकी कोणत्या महिन्यात तपासायची हे ठरलेलं असतं. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याचं नावही उपकेंद्राच्या वहीत असावं, औषधाच्या नावासकट आणि पुढच्या तपासणीच्या तारखेसकट. प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक वार ठरवावा, सकाळी लवकरचा, म्हणजे नळ्या त्याच दिवशी वेळेत पोचतील. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात येतात आणि जातात, त्यांच्यातही अशी माणसं असतात, म्हणून रुग्णाच्या हातातही एक कार्ड द्यावं, ते दुसऱ्या तालुक्यातही चालेल.

कार्ड मराठीत हवं आणि मोठ्या अक्षरांत. वर गोळीचं नाव, आणि मेथोट्रेक्झेट असेल तर वार, फक्त एक वार, अक्षरांत लिहिलेला. खाली तारखेपुढं पाचच आकडे: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन. एकाखाली एक, म्हणजे चढउतार डोळ्याला दिसेल. मागच्या बाजूला को-ट्रायमोक्साझोलचं नाव लाल अक्षरात, 'कोणत्याही दवाखान्यात हे कार्ड आधी दाखवा' अशी ओळ, आणि तोंडात फोड, ताप, अंगावर काळेनिळे डाग, धाप, डोळे पिवळे होणं यांपैकी काही झालं तर गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, हे. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी मेथोट्रेक्झेट साचतं, तेही त्यात यावं. मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी एक ओळ वेगळी हवी, कारण मेथोट्रेक्झेट आणि प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध मायकोफेनोलेट ही दोन्ही पोटातल्या बाळाला घातक आहेत, आणि हे लग्नाआधीच कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. आमच्या घरांत मुलीची गोळी सासरपासून लपवतात, म्हणून हे काम आशाताईंनीच हळुवारपणे करावं.

औषध सुरू होण्याआधीच्या तपासण्याही याच कार्डावर याव्यात: छातीचा एक्स-रे, दबलेल्या क्षयाची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी. आपल्या भागात क्षय नवा नाही, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आकडा बिघडला तर काय, हाच खरा प्रश्न. रिपोर्ट कपाटात पडून राहिला तर रक्त घेऊन उपयोग नाही. ठरावीक मर्यादा ओलांडली की प्रयोगशाळेतून आरोग्य केंद्राला, आणि तिथून रुग्णाला, त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागातल्या एका डॉक्टरांचा नंबर सर्व केंद्रांकडे असावा. महिन्यातून एक दिवस तिथं या औषधांच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालला, तर पुण्याच्या खेपा वर्षाला दोनवर येतील. दोन्ही तालुक्यांतल्या मेडिकल दुकानदारांची एकदा बैठक घ्यावी. त्यांना एवढीच विनंती की मेथोट्रेक्झेट देताना पाकिटावर पेनानं वार लिहा, आणि कार्डावर तीन महिन्यांतली तारीख दिसली नाही तर 'ताई, रक्त तपासलं का?' असं विचारा. त्या एका प्रश्नानं मी त्या हिवाळ्यात वाचले असते.

सोबत माझ्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडते आहे. आजारपणानंतर आखलेली वही आहे, पाच वर्षांच्या नोंदी आहेत, एकही तिमाही चुकलेली नाही. आता मी त्याच औषधाच्या थोड्या कमी मात्रेवर आहे, डायक्लोफेनॅक कायमचं सुटलं आहे, क्रिएटिनिन ०.८ वर थांबलं आहे. रकाने कसे आखले ते कार्डासाठी उपयोगी पडेल. उपकेंद्रांच्या वह्या आखायच्या असतील तर मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी शिक्षिका येऊन बसू, पट्टी आणि पेन आमचं. माझी पुढची तपासणी येत्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी आहे. त्या दिवशी पहाटेची एसटी न धरता मी आधी आमच्या आरोग्य केंद्रात जाईन आणि त्या ताईंपुढे हात धरीन.

आपली,
इंदापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका